बंडीत ठेवलेली जागा

बाबा,

बाहेर अंगणात टेम्पोला रंग देणं चाललं आहे. टेम्पो नवा नाही, नागपूरहून घेतलेला जुनाच आहे, पण तुमच्या नातवाच्या तोऱ्यावरून कुणाला वाटेल कारखान्यातून थेट इथंच आला. तो आता घरसामान हलवायचं काम करणार आहे, तुम्ही बंड्यांनी करत होतात तेच. परवा जेवताना त्यानं विचारलं, टेम्पोवर नाव काय टाकायचं. मी म्हटलं, आजोबांचं टाक, धंदा मूळचा त्यांचा. तर हातातला घास ताटात ठेवून तो म्हणाला, "आत्या, ज्या माणसानं आपल्या पोरीचं घर पुन्ना बसू देलं नाई, त्याचं नाव मी गाडीवर टाकू? तुह्या जिवाचं वाटोळं केलं त्यानं." त्याच्या बायकोनं मान डोलावली आणि माझ्या भातावर आणखी एक पळी वरण वाढलं. मी ते वरण खाल्लं. पेंटरनं सकाळी पांढरा हात मारून ठेवला आहे, तो वाळला की नाव लिहून मोकळा होईल. तेवढ्या वेळात मला उठून बाहेर जायचं आहे आणि एकच वाक्य बोलायचं आहे. ते जमतं का पाहायला आधी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तुम्ही काही उलटून बोलणार नाही.

आरमोरीच्या सासरहून तुम्ही मला आणायला आलात तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. शेवटचे पाच आठवडे नवऱ्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवण्यात गेले आणि तरी माणूस गेला. सासूनं पितळेची भांडी ठेवून घेतली, पेटी परत दिली. तहसीलदाराशी एका बंडीवरून अर्धा दिवस हुज्जत घालणारे तुम्ही, तिथे एका शब्दानं बोलला नाहीत. पेटी उचलून बंडीत ठेवलीत आणि तिच्याभोवती तणस कोंबलंत, आत काचसामान असल्यासारखं. आत दोन लुगडी होती. वैनगंगेच्या रेतीत चाक रुतलं तेव्हा उतरून तुम्ही चाकाला खांदा लावलात, मी उतरायला लागले तर म्हणालात, "बस वं तू." मूल गावी आपल्या घरी पोचेपर्यंत तेवढंच बोललात. त्यानंतर सहा महिने मी चुलीपुढं बसून काढले. आई आधीच गेलेली, भाऊ चांद्याला बोर्डिंगात. घरात आपण दोघं आणि दिवसभरात बोलणं चार शब्दांचं, त्यातले दोन बैलांबद्दलचे.

तुमच्या तीन बंड्या होत्या, कमी पडल्या तर आणखी भाड्यानं आणायचात. धानाच्या हंगामात सगळे बंडीवाले राइस मिलपुढं रांग लावायचे आणि तुम्ही बदली झालेल्या साहेबांच्या खुर्च्या वाहत गडचिरोलीच्या वाटेला. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "धानाचं पोतं पडलं त उचलता येते. आरसा पडला त निस्तं रडता येते. म्हणून आरशाचा भाव जास्त." पण तुमचा भाव नेहमी एकाच ठिकाणी फसायचा. साहेब ओसरीवर बसून सांगत, दोन बंड्यांचं सामान आहे. तुम्ही दोन बंड्यांचा भाव बोलायचात, आणि उंबरठ्यावर बोललेला भाव तुम्ही मागे घेत नव्हतात. मग लादायच्या दिवशी आतून जातं निघायचं, पाटा निघायचा, लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, माळ्यावरच्या गाद्या, कुणाच्या तरी बाळंतपणातली खाट. परक्या पुरुषाला स्वयंपाकघरात डोकावता येत नव्हतं आणि घराचं खरं वजन तर तिथेच असतं. तिसऱ्या बंडीची पदरमोड तुमची.

एक दिवस रेंजर साहेबांच्या बंगल्यावर जायला निघताना तुम्ही चुलीकडे वळून म्हणालात, "चाल माह्यासंग. तू आत जाय, बाईसंग बोल. चूल पाह्य, कोठी पाह्य, खाटीखाली वाकून पाह्य. मंग मले बंड्या सांग, भाव मी सांगतो." मी घाबरत आत गेले. त्या बाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, सगळं घर फिरून दाखवलं. बाहेर येऊन मी तुम्हाला चार बोटं दाखवली. साहेब उडालेच. "चार? माझ्या घरात चार बंड्या?" आतून त्यांच्या बाईंचा आवाज आला, "अहो, पाच म्हणा. माझी शिवणाची मशीन तिनं पाहिलीच नाही." तुम्ही मिशीत हसलात. घरी येताना बंडीत न बसता बैलांच्या बाजूनं पायी चालत होतात आणि मला काय काय दिसलं ते पुन्हा पुन्हा विचारत होतात. सहा महिन्यांत आपण एवढं बोललो नव्हतो.

भाव करायची तुमची रीत मी त्याच उन्हाळ्यात शिकले. बंडीला दिवसाचा ठरलेला दर. वाटेत नदीला पाणी असेल तर नदीचा वेगळा, कारण सगळं उतरवून नावेत चढवायचं आणि पलीकडे पुन्हा बंडीत. घड्याळ, हार्मोनियम, दिव्याच्या काचा हे मांडीवरचं सामान, त्याला एक माणूस जास्त. आणि परतीचा अर्धा दर. या परतीवर प्रत्येक साहेब अडून बसायचा. "अरे, आमची बदली झाली, आम्ही परत येणारच नाही. मग परतीचे पैसे कसले?" तुमचं उत्तर मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतं. "साहेब, तुमी नाई येत. पण माहे बैल त येतेत ना." आजकाल भाचा वहीत किलोमीटर मांडून बसतो आणि परतीचा हिशेब विसरतो. मी आठवण करून दिली तर म्हणतो, आत्या, आता तसं नसतं. दोन खेपा रिकाम्या परत आल्या की त्याचे बैलही त्याला शिकवतील.

तुम्ही मला एकदाच रागावलात. दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली होती आणि त्यांच्या बाई चुलीपुढं बसून रडत होत्या, इतक्या पैशात सामान नेणं झेपत नाही म्हणून. मी तिथल्या तिथं तीन रुपये कमी करून टाकले. तुम्ही बाहेर तो भाव निमूटपणे मान्य केलात, मुलीचा शब्द पडू दिला नाहीत. पण गावाबाहेर आल्यावर बंडी थांबवलीत. "दया आली त सामान कमी कर, भाव नोको कमी करू. बैलाले दया नाई समजत, वजन समजते." मी रडायला लागले तर म्हणालात, "रडून काऊन राह्यली? शिकवून राह्यलो तुले." दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे जाऊन मी त्यांचं एक बाक आणि दोन खुर्च्या मागे ठेवायला लावल्या. पुढच्या बाजारी तुम्ही माझ्यासाठी चपला आणल्यात. दारात ठेवून दिल्यात, मापाला एक बोटभर मोठ्या. मी त्यात कापूस घालून वापरल्या, तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सामान कमी करायच्या तुमच्या नियमानं आपलं घर मात्र भरत गेलं. लोकांना जे न्यायला परवडायचं नाही ते आपल्याकडे सोडून जात. आरामखुर्ची, कचेरीतलं फडताळ, वेत तुटलेल्या खुर्च्या, मच्छरदाणीचे दांडे असलेला पलंग. एका वेळी आपल्या घरात अकरा खुर्च्या होत्या आणि माणसं दोन. तुम्ही तरी जमिनीवरच बसायचात.

आणखी एक काम माझ्या वाट्याला होतं, त्याबद्दल तुम्हाला कधी बोलले नाही. घरातलं माणूस गावाची शीव ओलांडेपर्यंत त्याच्या मागे झाडू फिरवू नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. पण सरकारी क्वार्टर झाडून किल्ली चपराशाच्या हाती द्यावी लागे. म्हणून बंड्या निघाल्या की मी मागे थांबायची. तासभर त्या रिकाम्या घरात बसून राहायची आणि मग झाडायला घ्यायची. भिंतीवर जिथं कपाट होतं तिथला चुना पांढरा राहिलेला, खिळे तसेच, कोनाड्यात कधी एखादं बटण. खोकलं तरी खोली मोठ्यानं खोकायची. मी फक्त खोलीचा आवाज ऐकायला खोकले आहे, बाबा. मला तिथं फार एकटं वाटायचं. दिवसभर ज्या बाईनं मला ताई ताई म्हणून आपलं सगळं उघडून दाखवलं, ती बंडी वळली की मागे वळूनही पाहायची नाही, आणि तिनं का पाहावं? तिच्यापुढं नवं घर होतं. आणि खरं सांगते, तो तास मला आवडायलाही लागला होता. तिथं माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मास्तरांची गोष्ट सगळे सांगतात, पण माहीत कुणालाच नाही. जनपद सभेच्या शाळेतले ते मास्तर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आपल्यातलेच. त्यांची सिरोंच्याला बदली झाली. त्या काळी सिरोंच्याला बदली झाली की लोक भेटायला जात ते सांत्वन करायला. तुम्ही मला म्हणालात, चल, घर बघून येऊ. मला नवल वाटलं, कारण त्या घरात बाई नव्हती, मग माझं काय काम? गेलो तर मास्तर पाटीवर तिकडची तेलुगू अक्षरं गिरवत बसलेले. गोल गोल, बुंदी पाडल्यासारखी. एक खाट, एक टेबल, पुस्तकांची पेटी, चार भांडी. मी म्हटलं, टेबल ठेवून जा, बंडी हलकी होईल. ते म्हणाले, "टेबल त लागन बाई. जमिनीवर बसून पेपर तपासले की कंबर दुखते, आन् कंबर दुखली की पोरायचे मार्क कमी होतेत." मी हसले. आरमोरीहून आल्यापासून मी परक्या घरात मोठ्यानं हसले नव्हते. तुम्ही दाराशी उभे राहून बैलांकडे बघत होतात. तुमची पाठ बघून मला कळायला हवं होतं.

परतताना तुम्ही सरळ सांगितलंत. मास्तरांनी मला मागितलं होतं. विधवेचा पाट लावायला आपल्यात कुणाची ना नव्हती, पंचांशीही तुम्ही बोलून ठेवलं होतं. "मी हो म्हटलं नाई, नाई बी म्हटलं नाई. घर तू पाह्यलं, माणूस तू पाह्यला. तू सांग." तळ्याच्या पाळीवरून चाललो होतो, मी पाण्याकडे बघत राहिले. तीन दिवस तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. चौथ्या दिवशी लादायला निघताना पागोटं बांधता बांधता म्हणालात, "तुले बोलता नाई येत असन त नोको बोलू. मी बंडीत जागा ठेवतो. बसायचं असन त बस. नाई त भरून टाक. मी काई म्हणणार नाई."

आपल्या धंद्यात बंडी कशी लादतात हे आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. जड सामान तळाशी, टेबल पाय वर करून, त्यावर खाट उलटी. बंडी हाकणाऱ्याच्या पाठीमागे वळकटीवर हातभर जागा ठेवायची, ती घरवालीची. तिथं बसून ती मागे तोंड करून सगळ्या सामानावर नजर ठेवते. एकट्या माणसाच्या बंडीत ती जागा ठेवत नाहीत, तिथं सरपण किंवा पोतं टाकतात. त्या दिवशी मास्तरांची बंडी तुम्ही स्वतः लादलीत. कधी नव्हे ती जागा हातभराहून थोडी जास्तच ठेवलीत आणि वर आपल्या घरची गोधडी घडी करून अंथरलीत. बंडीवाल्यानं पाहिलं. मास्तरांनी पाहिलं आणि ते घराच्या आत निघून गेले, काहीतरी राहिलं असल्यासारखे. तुम्ही दोर हातात घेऊन उभे होतात. त्या गोधडीकडे बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

शाळेतल्या पोरांच्या पालकांनी मास्तरांना दिलेलं अर्धं पोतं तांदूळ ओसरीवर होतं. मी ते ओढत आणलं. बंडीवाला मदतीला आला तर तुम्ही म्हणालात, "राहू दे." मी एकटीनं ते वर चढवलं आणि गोधडीवर ठेवलं. पोतं नीट बसेना, पुन्हा सारखं केलं. तुम्ही जवळ येऊन त्यावरून दोर टाकलात, गाठ मारलीत, गाठ ओढून पाहिलीत. मास्तर बाहेर आले, पोत्याकडे पाहिलं, त्यावर आपली छत्री आडवी ठेवली आणि तुम्हाला रामराम केला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "येतो बाई." बस, एवढंच. ते गेले आणि मी त्यांचं घर झाडायला थांबले. तासभर थांबायचं होतं, मी अंधार पडेपर्यंत थांबले. तुम्ही न्यायला आलात, दारातून हाक मारलीत, आत आला नाहीत.

त्या आखाजीच्या सणाला तुमची बहीण आली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ओसरीवरूनच सुरुवात केली, "दादा, पोरगी घरं पाह्यते, चार पैसे आणते, म्हणून इतका चांगला मास्तर परतवला का तू? तिची कमाई खातं का?" मी आत भात उतरवत होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. सांगायलाच हवं होतं. तुम्ही म्हणालात, "हो. मीच नाई म्हटलं. तिले कोनी काई बोलू नोका." ती तुम्हाला जे बोलली ते मी लिहीत नाही. मी चिमट्यानं भांडं धरून उभी होते, दोन पावलांवर दार होतं. बाहेर आले असते तर पुढची वर्षं वेगळी गेली असती, माझी नाही, तुमची. तुम्ही मला वाचवलंत. दुसऱ्यांदा चालून आलेलं चांगलं घर नाकारणारी म्हणून लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. मी त्यांना तुम्हाला खाऊ दिलं.

चार वर्षांनी तुम्ही गेलात. आजारपणात रोज मी तुमच्या पायांना तेल चोळत होते आणि रोज म्हणत होते, आज बोलू. तेराव्याला पंक्तीत तुमची बहीण पुन्हा तेच बोलली आणि या वेळी तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात. मी भात वाढत पुढं गेले. मग भाऊ बोलायला लागला, मग त्याचा मुलगा. मी सात वर्षं एकटीनं बंड्या चालवल्या. नवे साहेब लोक ओसरीवर बाई बघून विचारायचे, मालक कुठं आहेत? पुढं ट्रक आले, बैल विकले, चाकांना तेल लावायची सवय मात्र हाताला बरेच दिवस राहिली. मी स्वतःला सांगत आले की तुम्ही एकटे पडाल म्हणून मी गेले नाही. तेही खोटं आहे. मला भीती वाटली. एकदा मी मागे तोंड करून बंडीत बसून गेले होते आणि पेटी घेऊन परत आले होते. पुन्हा परत यायची वेळ आली तर चाकाला खांदा लावायला तुम्ही असाल की नाही, एवढाच विचार त्या गोधडीपुढं माझ्या डोक्यात होता. मास्तर वाईट नव्हते. मला आवडले होते.

आता उठते. रंग वाळला असेल.

जाऊन आले. पेंटरनं कुलदेवीचं नाव खडूनं आखून ठेवलं होतं आणि डब्यात पिवळा रंग ढवळत होता. खडूच तो, ओल्या फडक्यानं पुसला गेला असता. तुमचा नातू कमरेवर हात ठेवून उभा होता. मला बघून म्हणाला, "आत्या, उनात काऊन उभी राह्यली? थांब." धावत जाऊन त्यानं खुर्ची आणली, सावलीत ठेवली, मला धरून बसवलं. त्याच्या बायकोनं चहा आणला, साखर जास्त घालून, मला लागते तशी. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "काय वं आत्या?" मी म्हटलं, रंग छान आहे.

या घरात पहिला घास मला वाढतात, बाबा. माझ्या गोळ्यांच्या वेळा पोरांना पाठ आहेत. मला कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण बापानं जिचं वाटोळं केलं ती आत्या मी आहे. खरं सांगितलं तर ते मला घराबाहेर काढणार नाहीत, तेवढी वाईट माणसं नाहीत. पण मग मी नुसती म्हातारी उरेन, आपल्याच हातानं पोतं ठेवलेली. हे वाचणारं कुणी नाही म्हणून एवढं लिहिता तरी आलं. पेंटरनं पहिलं अक्षर भरलं, मग दुसरं, आणि मी समोर बसून होते. तुमच्या नावाच्या बदल्यात मी आज चहा प्याले, आणि बाबा, तो मला गोड लागला.